पाठीला पाठ

करपलेल्या शेंगदाण्यांचा वास आला, की लातूरची आमची भाड्याची खोली आठवते आणि त्या धुरात उभी असलेली माझी मैत्रीण वंदना. चटणीसाठी दाणे तव्यावर टाकून ती कोपऱ्यावरून मीठ आणायला जाई आणि बांगड्यांच्या गाड्यावरच्या रंगांत हरवून जाई. परतल्यावर निवांत म्हणे, "काळी चटणी बी चांगली लागती गं."

गावाकडे, मुरुडच्या शाळेत ती सदैव पहिली. अभ्यास तिच्या आईच्या शिलाई मशीनशेजारी, त्या खडखडाटाच्या लयीत. कॉलेजला आल्यावर लातूरच्या शांत खोलीत मात्र तिचे मन खिडकीच्या पडद्यासारखे भिरभिरू लागले. पहिल्याच वर्षी दोन विषय राहिले. "नुसती आळशी झालीस," आई फोनवर म्हणाली. "पुन्हा नापास झालीस तर लग्न लावून देते."

दुसऱ्या दिवशी वंदनाने माझी खुर्ची आपल्या खुर्चीला पाठ लावून ठेवली. "तू तुझं वाच. बोलू नको. फक्त बस." मधूनच, मान न वळवता, ती विचारी, "हायस?" मी म्हणे, "आहे." तेवढ्यावर तिची पेन्सिल पुन्हा सरसरू लागे. अशी ती पदवीधर झाली.

पुढे नांदेडला आम्ही एकाच शाळेत शिक्षिका झालो. फळ्यासमोर ती जीव ओती. उत्तरपत्रिका मात्र अर्ध्या तपासलेल्या पडून राहत. नोकरीवर गदा येऊ लागली, तेव्हा मी तिला डॉक्टरांकडे नेले. हा लक्ष न टिकण्याचा त्रास लहानपणापासूनचाच, त्या म्हणाल्या. आईच्या आणि तिच्या मशीनच्या सोबतीत तो झाकला गेला होता. वंदना कितीतरी वेळ ओढणीचे टोक दुमडत राहिली. "म्हंजे मी आळशी न्हवते," ती म्हणाली. "चल, आईला सांगू."

मुरुडला आईने सगळे ऐकले, मशीन थांबवले, दातांनी धागा तोडला. "मग ही मशीन घेऊन जातीस का नांदेडला?"

गेल्या वर्षी माझे वडील गेले. कवितेचे पान उघडावे, तर ओळी पाण्यावरच्या पानांसारख्या वाहून जात. एका दुपारी वंदना आली. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन माझ्या पाठीला पाठ लावून बसली. लाल पेनाची खरखर ऐकत मी पहिल्यांदाच एक ओळ शेवटापर्यंत वाचली. मग मान न वळवता विचारले, "आहेस?"

"हाय."