सोनाळ्यातल्या दुकानावरचं नाव

शेगावहून सोनाळ्याकडे निघालेल्या एसटीत शेजारच्या आजोबांनी चौकशी केली, "कोनाकडं जाता?" मी सलीमभाईंच्या बियाण्याच्या दुकानाचं नाव सांगितलं, तसा त्यांनी खिशातून मोबाइल काढला. "तिथून बी घेऊ नका, मॅडम. हे पाहा." कीड लागलेलं कपाशीचं बोंड, मग बियाण्याची पिशवी, शेवटी दुकानाचा बोर्ड. मी पुण्यात कायदा शिकवते. समाजमाध्यमांवरच्या खोट्या मजकुराची जबाबदारी कुणाची, हा माझ्या अभ्यासाचा विषय. ज्या व्हिडिओसाठी मी इतक्या लांब निघाले होते, तोच मला अर्ध्या वाटेवर न्यायला आला होता. मला हसू आलं. आजोबांना ते आवडलं नाही.

सोनाळ्यात उतरले तेव्हा ऊन मी म्हणत होतं. उत्तरेला सातपुडा धुरकट दिसत होता. पेरणी तोंडावर आल्यामुळे इतर कृषी केंद्रांपुढे मोटारसायकलींची दाटी होती. सलीमभाईंच्या दुकानात मात्र ते एकटेच पेपर वाचत बसले होते. डोक्यावर बोर्ड, बोर्डावर त्यांच्या आजोबांचं नाव.

"पेंटरले सांगून ठेवलं, नाव बदलून टाक म्हणून," ते म्हणाले. "पन मीच आज-उद्या करून राह्यलो. तुमचा कायदा काय करते यात?"

पहिल्यांदा पाठवणारा, पुढे ढकलणारे, ग्रुपचा अ‍ॅडमिन, असं सगळं मी उत्साहानं समजावलं. त्यांनी पेपरची नीट घडी केली.

"मले कोनाले जेलात नाही टाकायचं. व्हिडिओ गजाननभाऊनं काढला, अन् तो मांगच्या गल्लीत राह्यते. मले फक्त गिऱ्हाईक वापस पाह्यजे."

आणि जेवायच्या वेळेला ते स्वतःच मला त्या गजाननरावांच्या दारात सोडून आले. फिर्यादीनं पाहुणा आरोपीच्या घरी जेवायला पोचवावा, हे आमच्या पुस्तकांत कुठे लिहिलेलं नाही.

गजाननरावांकडे कळण्याची भाकरी (ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली), ठेचा आणि भरीत होतं. ठेच्यानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना वाटलं, मी व्हिडिओमुळे रडतेय. गैरसमज मिटल्यावर खरी हकिगत निघाली. बीटी बियाण्याच्या पिशवीत साध्या कपाशीची एक लहान पुडी येते. ती शेताच्या कडेनं लावायची असते. बीटीला अळी सहसा लागत नाही, म्हणून तिच्यासाठी राखून ठेवलेली जागाच ती. गजाननरावांच्या पत्नी सुशीलाबाईंनी गेल्या हंगामात त्या पुडीतल्या बियांनी नांग्या भरल्या होत्या (बी उगवलं नाही तिथे पुन्हा लावणं).

"चांगलं बी फेकू कशाले?" त्या म्हणाल्या.

अळी नेमकी त्याच झाडांवर पडली, आणि गजाननरावांनी नेमकी तीच झाडं मोबाइलवर टिपली.

"हिनं मले सांगतलं तोवर व्हिडिओ डोंगरापल्याड पोचला होता," ते म्हणाले. "मंग मी दुसरा काढला. हात जोडून सांगतलं, चुकी आमची हाय, बी चांगलं हाय."

"तो कुठवर गेला?"

"कुठी नाही. भाच्यानं अंगठा देल्ला. बाकीचे म्हनते, सलीमभाईनं याले फोडला."

त्यांना जेवण गोड लागत नव्हतं, ते दिसत होतं. मला त्यांचं आणि सलीमभाईंचं, दोघांचंही वाईट वाटलं, आणि माझ्या वहीतले प्रश्न मी विचारलेच नाहीत.

पुण्याला परतल्यावर काही दिवसांतच आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तोच व्हिडिओ आला. जिल्हा वेगळा, बोर्ड तोच. मी सविस्तर खुलासा लिहिला. खाली एका काकूंचं उत्तर आलं, 'तरीपण सावध राहिलेलं बरं', आणि जोडलेले हात.

मी सलीमभाईंना फोन लावला. मागे दुकानातली गडबड ऐकू येत होती. पेंटरनं आजोबांच्या नावावर हिरवा रंग फिरवला होता. आता तिथे नुसतं 'कृषी केंद्र' होतं.

"बाहेरगावचे लोक इचारते, तो बोगस बियाण्यावाला कुठी गेला? मी तोंड उघडाच्या आंधी इथं येऊन बसलेला गजाननभाऊच सांगते, तो दुकान इकून गाव सोडून गेला."

"आणि लोकांना पटतं?"

"हाव, लगेच. खरं सांगत होता तवा त्याचं कोनी आयकलं नाही. हे मातर समदे पुढं सांगून राह्यले."