यमुनाकाकीचा न वाजणारा मोबाइल

टोकावड्यात मोबाइलची रेंज यावी म्हणून मी मारुतीला नवस बोलले होते. मुलगा नोकरीला नाशिककडे, त्याचा आवाज ऐकायला एसटीडी बूथवर ताटकळावं लागे. पुजारीबुवा हसले, "बाया पोर मागतात, तुमी टॉवर मागताय!" पण मारुतीने ऐकलं. टॉवर आला, मी तेल वाहिलं, आणि आळीतल्या एकेका आईला तिच्या पोरांनी मोबाइल आणून दिला. तेव्हापासून मंगळवारच्या भजनात अभंग थोडे नि बॅटरीचे किस्से फार!

हसतो आम्ही, पण पोराचा फोन चुकला की अख्खा आठवडा मुका जातो. म्हणून बॅटरी बसली की जीव खालीवर.

* * *

दसऱ्याला भजनातल्या मंदाने कोयता-विळ्यांबरोबर मोबाइलचीही पूजा केली. हळद, कुंकू, वर फुलाने पाणी! दुसऱ्या दिवशी चार्जिंग घेईना.

"देवाचं केलं, त्याचं ह्ये फळ?"

मी बॅटरी काढली. आतल्या पितळी टिकल्यांवर कुंकू! कोरड्या सुती फडक्याने हलकेच पुसलं, सगळं सावलीत चांगलं सुकू दिलं, मग चार्जिंगला लावलं. सुरू!

"फुडल्या वर्षी लांबूनच ओवाळीन," मंदा म्हणाली.

* * *

आळीतल्या सुमनची बॅटरी फुगली. झाकण बसेना, तर बाई ती पाट्याखाली दाबायला निघाली!

"अगो, पापड हाय काय तो? पेट घेईल!" मी ओरडले.

फुगलेली बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही, चार्जिंगला तर लावायचीच नाही. चुलीपासून लांब ठेवली आणि मुरबाडच्या मोबाइलवाल्याकडे देऊन टाकली. तिच्या जावेच्या बंद पडलेल्या मोबाइलमध्ये तस्सीच बॅटरी निघाली, चांगली. ती सुमनच्या मोबाइलमध्ये घातली.

सुमन म्हणाली, "जावेचं कायतरी पयल्यांदाच कामाला आलं!"

* * *

यमुनाकाकी माझ्या शेजारची. एकटीच राहते. मुलगा कल्याणला.

"गो, बॅटरी मेली बघ. पोराचा फोनच येत नाय."

टिकल्या पुसल्या. माझा चार्जर लावून पाहिला, माझी बॅटरी घालून पाहिली. तिचं सगळं ठणठणीत. रेंजही भरपूर.

"मग वाजत का नाय?"

मोबाइल ठीक होता, मुलगाच फोन करत नव्हता. दूध उतू जाईल असं निमित्त काढून मी घरी आले. घरात कुणीच नव्हतं. माझ्या मोबाइलवरून तिचा नंबर लावला. भिंतीपलीकडे रिंग ऐकू आली.

"हालो! कोन?"

"मीच, काकी. तपासतेय."

"वाजला की गो!"

मी फोन ठेवणार, तोच ती म्हणाली, "ठेवू नको येवढ्यात. नीट तपास."

तुम्हीही कुणाची बॅटरी पुसून दिलीत, तर घरी जाऊन एक फोन लावून एवढं तपासाच.