मामेभावाचं कागदी थर्मामीटर

माझ्या मामेभावाइतके प्रश्न अख्ख्या शहापूर-मुरबाडात कुणी विचारले नसतील. यात पोलीस आले आणि मुलगी बघायला येणारी मंडळीही. पेशानं डॉक्टर. टोकावड्याच्या धाब्यावर चहा सांगतानाही मालकाला विचारायचा, "गरम पण कमी साखरेचा, की गोड पण कोमट? गिऱ्हाईक काय निवडतं?" मालक म्हणायचा, "गिऱ्हाईक चहा पितं नि गप जातं, डॉक्टर." तोवर घाटाकडची एसटी निघून गेलेली असायची.

अशा माणसाला क्षयरोगाच्या उपचारांची मार्गदर्शिका लिहिणाऱ्या समितीनं काम दिलं: रुग्णांना काय हवं असतं, यावरचं जगभरचं संशोधन वाचून एक पान लिहा. गोळ्या रोज दवाखान्यात येऊन नर्ससमोरच गिळायच्या, असं जवळजवळ ठरलं होतं. पाड्यावरच्या माणसाला ते झेपेल का, हे या पानानं सांगायचं होतं. घरात कागद इतके साचले की वहिनींचे पापड शेजाऱ्यांच्या गच्चीवर गेले. सगळं वाचून हा गरजला, "यातल्या एकाही पेशंटनं भात लावलेला नाही!"

झालं, मला स्कूटरवर मागे बसवून डोळखांबच्या वरच्या पाड्यावर. तिथं क्षयाच्या गोळ्या चालू असलेली एक म्हातारी. यानं परदेशी पद्धतीचं थर्मामीटरचं चित्र काढलं. वरचं टोक ठणठणीत, खालचं मरण. "आजी, तुमची तब्येत यात कुठं?" आजीनं कागद नीट काखेत धरला, थोडं थांबली आणि परत दिला. "बघ रे, किती हाय?"

मी हसून बांधावरून घसरलो. हा मात्र गंभीर. "रोज दवाखान्यात यायला जमेल?"

"गोळ्यांना मी कवा नाय म्हटलं? पन लावणी टाकून रोज डोंगर कोन उतरंल? या सुनंला शिकव. ती नजरंसमोर गिळवील. तिला तेवढंच पायजे!"

समितीचे अध्यक्ष म्हणाले, "एका म्हातारीचं बोलणं पुरावा होत नाही." मग हा इतके पाडे फिरला की कुत्री स्कूटर ओळखून भुंकायची सोडून तब्येत सांगायला पुढं येऊ लागली. शेवटी मार्गदर्शिकेत त्या पानाची एक ओळ उरली: औषध कुठे व कुणासमोर घ्यायचे, ते रुग्णास विचारून ठरवावे. महिनाभर हा फुगून बसला. वहिनी म्हणाल्या, "ओळ तर ओळ. आता टेबल मोकळं करा."

तो जाऊन बरीच वर्षं झाली. मध्यंतरी तोच आजार मला जडला. खर्डीचा तरुण डॉक्टर लिहिता लिहिता थांबला. "काका, गोळ्या कुठं घेणं जमेल? कुणासमोर?"

"बायकोसमोर," मी म्हणालो. "तिला तेवढंच पाहिजे."

बाहेर आलो आणि वाटलं, मामेभावाला सांगावं. त्यानं मला तिथंच उभं धरलं असतं: नक्की कसं विचारलं? वर बघून, की लिहिता लिहिता?

वर बघून रे. वर बघून विचारलं.