परवान्याआधीचा आकांत

तराझ शहरातल्या इस्पितळातल्या डॉक्टर कुलपाश म्हणजे घसघशीत देहाची, खणखणीत आवाजाची बाई. मृताच्या नातेवाइकांशी अवयवदानाचं बोलायचं काम त्यांच्याकडे द्यायचं ठरलं होतं; त्या बोलू लागल्या की दगडालाही पाझर फुटे.

पण इस्पितळाला अवयव काढायचा परवानाच नव्हता. हिवाळ्यात अपघातात गेलेल्या एका ट्रकवाल्याच्या आईने आपणहून "घ्या" म्हटलं, आणि कुलपाशना हात जोडून नाही म्हणावं लागलं. ते त्यांच्या मनाला फार लागलं होतं.

अखेर राजधानीतून तपासनीस येर्मुखान आले. चहा नको, घोड्याचं मांस नको, न जाणो, लाच ठरायची! शस्त्रक्रियागृह पाहिलं, मेंदू मृत झाल्याचं ठरवणारे डॉक्टर अवयव काढणाऱ्यांपैकी नाहीत, याची खात्री केली. राहिली नातेवाइकांशी बोलायची खोली. तिथे ते कुलपाशना थोरल्या बहिणीचा मान देत म्हणाले,

"आपा, समजा मी मृताचा थोरला भाऊ. बोला."

आमच्याकडे मरणाची बातमी तोंडावर फेकत नाहीत, आडवळणाने गात सांगतात. कुलपाशनी सूर लावला, "तळ्यावरून ससाणा उडाला, हात रिकामा राहिला..." पहिल्या ओळीला साहेबांची हनुवटी थरथरली, तिसरीला "अरे माझ्या भावा!" म्हणत त्यांनी हंबरडाच फोडला.

आणि हंबरडा ऐकला की आमची माणसं आधी गळ्यात पडून रडतात, कोण गेलं ते मागाहून विचारतात. प्लास्टरवाले, सलाइनचा खांब ओढणारे, बाळंतिणींच्या सासवा, सगळे आत घुसले. एका आजीने साहेबांना छातीशी आवळलं.

"रड लेकरा! कितीचा होता भाऊ?"

"मला भाऊ नाही हो, आजी!"

"आता कुठला असणार! गेला ना बिचारा!"

"अहो, कोणी मेलेलं नाही! तपासणी चाललीय!" कुलपाश गरजल्या.

"मग आम्हाला फुकट रडवलंत?" एक सासू कडाडली. गर्दी नाक पुसत, शिव्या मोजत बाहेर पडली.

भिंतीला चिकटलेले साहेब मोकळे झाले. "एवढे नातेवाईक येतात?"

"छे! हे तर परके. नातेवाईक याच्या तिप्पट."

"मग खोली अपुरी आहे. परवाना देता येणार नाही."

कुलपाशनी बाजूच्या भिंतीवर थाप मारली. "पलीकडे माझी खोली आहे. मधली भिंत पाडली तर?"

"मग बघू."

त्याच आठवड्यात भिंत पडली. येर्मुखान परत आले, खोलीभर फिरले आणि परवाना देऊन गेले. कुलपाशबाईंचं टेबल आता लिफ्टशेजारी असतं. लोक त्यांना मुतारी कुठे म्हणून विचारतात, आणि त्या उठून दारापर्यंत सोडून येतात.