गुन्ह्याआधीची फिर्याद

नोकरीतल्या बऱ्याच केसेस आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत, पण ही एक घटना काल घडल्यासारखी आठवते. खरं तर ती माझ्या पोलीस खात्यातल्या काळात घडलेलीच नाही. मुंबईत इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झालो आणि घरी बसून बायकोच्या कामात लुडबुड करण्यापेक्षा दुबईतल्या एका बांधकाम कंपनीत सिक्युरिटी ऑफिसर म्हणून रुजू झालो. दोन हजार सालानंतरची पहिली काही वर्षं होती ती. ऑफिस शहरात, अल मनखूलला, कामगारांचा कॅम्प तासाभरावरच्या उम्म अल कुवैनला. अंगातली खाकी सुटत नाही म्हणतात. माझी केबिन मी चौकीसारखीच चालवायचो. सकाळी गार्डांची हजेरी, आल्यागेल्याची नोंद, किल्ल्या माझ्या ताब्यात.

कामगारांचा पगार तेव्हा रोख व्हायचा. आमचा कॅशियर बँकेतून रक्कम काढायचा आणि व्हॅनमधून कॅम्पवर नेऊन वाटायचा. डोंबिवलीचा, पस्तिशीतला, मितभाषी माणूस. बायको आणि शाळकरी मुलीसह ऑफिसजवळच राहायचा. कॅम्पवरची कोकणातली पोरं पगाराच्या दिवशी आंघोळ करून, केस विंचरून त्याच्या व्हॅनची वाट बघायची. त्याच पैशावर गावाकडे चुली पेटायच्या.

पगाराच्या आदल्या दिवशी, दुपारी जेवणाच्या सुमारास, माझ्या टेबलावरचा फोन वाजला. आवाज पुरुषाचा, तोंडावर काहीतरी धरून बदललेला. हिंदीत बोलला. "आपका कॅशियर इंटरनेट पे जुआ खेलता है. कल उसको पगार लेके मत भेजो. हारता है तो फिर भी ठीक है. जीतता है तब उसको डर लगता है, के अब मैं खेल से उठ नहीं पाऊंगा." फोन बंद.

खबरी हा प्रकार मी आयुष्यभर पाहिला आहे. खबर देणाऱ्याला काहीतरी हवं असतं, नाहीतर कुणाचा तरी काटा काढायचा असतो. अकाउंट्समधल्या एका ज्युनिअरचा कॅशियरच्या जागेवर डोळा होता, म्हणून माझा संशय लगेच त्याच्यावर गेला. चौकशी केली तर तो सकाळपासून शारजाला, रोल्लाच्या बाजारात परचेस मॅनेजरसोबत खरेदीला गेलेला. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालो होतो मी.

मग कॅशियरलाच बोलावलं. दार लावलं, दोन सुलेमानी, म्हणजे बिनदुधाचे चहा, मागवले. चौकशीत मी मुद्द्यावर कधीच आधी जात नाही. मुलीची विचारपूस केली.

"काय सांगू साहेब, मराठीत विचारलं की इंग्लिशमध्ये आन्सर देते," तो म्हणाला. हसला, पण चहाला हात लावला नाही.

मग मी सहज बोलल्यासारखं सांगितलं, "तुमच्याबद्दल एक फोन आलाय. उद्या तुम्हाला कॅश घेऊन पाठवू नका म्हणतात."

इतक्या वर्षांत शेकडो माणसांना मी असं वाक्य ऐकवलं होतं. गुन्हेगार असो की निर्दोष, प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच असतो: कोणी सांगितलं? हा माणूस तसं काही म्हणालाच नाही. त्यानं विचारलं, "मग उद्या कोण जाणार, साहेब?"

फोनवरचं बोलणं माझ्या डोक्यात पुन्हा वाजलं. जिंकल्यावर माणसाला आतून भीती वाटते, हे बाहेरच्याला कसं कळणार?

"फोन तुम्हीच केलात ना?"

तो रडला. मी रडू दिलं. मग सगळं ओकला. घरच्या कॉम्प्युटरवर रूलेट खेळायचा. तिथे जुगाराला कायद्याने बंदी आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं. सुरुवातीला स्वतःला लिमिट घातली होती. आठवड्याला शंभर दिरहम, म्हणजे बाराशे रुपये, ते संपले की बंद. मग लिमिट वाढली, मग गेलेले परत मिळवायला खेळणं सुरू झालं, मग बायकोशी खोटं बोलणं.

"कंपनीच्या पैशाला अजून हात लावलेला नाही, साहेब. पण काल आंघोळ करताना मनात हिशोब चालू होता, की व्हॅनमधली कॅश रात्रभर माझ्याकडे राहिली तर किती होईल. मी घाबरलो. समोर येऊन बोलायची हिंमत नव्हती."

मला त्या क्षणी त्याच्याबद्दल जे वाटलं ते आदर सोडून दुसरं काही नव्हतं. नोकरी, व्हिसा, मुलीची शाळा, सगळं त्यानं त्या एका फोनवर लावलं होतं.

जनरल मॅनेजर पुण्याचे. ऐकून उखडले. "हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण! तिकीट काढा, व्हिसा कॅन्सल, खलास!"

"सर, कंपनीचा एक दिरहम हललेला नाही," मी म्हणालो. "वाचला तो याच्यामुळेच. याला काढलंत तर पुढचा माणूस फोन करणार नाही, सरळ पैसे उचलेल."

त्यांनी हातातलं पेन टेबलावर आपटलं. शेवटी म्हणाले, "कॅशपासून लांब ठेवा. रिस्पॉन्सिबिलिटी तुमची."

दुसऱ्या दिवशी पगार ज्युनिअरनं वाटला. संध्याकाळी मी कॅशियरच्या घरी गेलो. वहिनींना त्यानं माझ्यासमोर सगळं सांगितलं. त्यांनी आधी भिंतीकडे तोंड केलं, मग उठून त्याचं क्रेडिट कार्ड मागून घेतलं. "ओरडायचं ते नंतर ओरडेन. आधी डॉक्टर." बाईनं तिथेच माझं मन जिंकलं. कॉम्प्युटरची टेलिफोन लाइन काढली. त्या साइटला मेल पाठवून खातं कायमचं बंद करायला लावलं. ओळखीच्या मल्याळी डॉक्टरांनी त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवलं. हा आजार आहे आणि उपचारानं आटोक्यात येतो, हे त्यानं पहिल्यांदा तिथे ऐकलं. खेळायची हुक्की आली की मला फोन करायचा, हे माझं कलम. मग आम्ही खाडीकाठी फिरायला जायचो. एकदा घसरला, सायबर कॅफेत जाऊन बसला. सकाळी माझ्या आधी येऊन केबिनच्या दाराशी उभा होता, सांगायला. पुढे त्याचे फोन कमी झाले.

वर्षभरानं जनरल मॅनेजरांनीच त्याला बोलावलं. "पगाराचं काम पुन्हा घ्या. आता माझा भरवसा आहे."

तो म्हणाला, "घेतो, सर. पण सोबत दुसरा माणूस द्या. नेहमीसाठी. अजून आजारी आहे म्हणून नाही म्हणत, बरा राहावं म्हणून म्हणतोय."

तेव्हापासून कंपनीत कॅश दोघं मिळूनच नेऊ लागले.

या केसनं मला शिकवलं ते एवढंच. स्वतःला घातलेली मर्यादा पाळता येईनाशी झाली की तोच इशारा समजावा, आणि त्याच दिवशी कुणाला तरी सांगावं. आवाज बदलून सांगितलं तरी चालेल. हजारो फिर्यादी मी नोंदवल्या, त्या सगळ्या गुन्हा घडून गेल्यावरच्या. ही एकच गुन्हा घडण्याआधी आली. फिर्यादी आणि आरोपी एकच होता, आणि त्यातला फिर्यादी जिंकला.