बेडकासारखी बसणारी पोर

सोनाळ्याच्या आमच्या शिवारात जांभळं पिकली की नात माझ्यासोबत मळ्यात यायची. चार वर्षांची. थोडं चालली की पायवाटेवरच उकिडवी बसायची, गुडघे पोटाशी घेऊन. मागे सातपुडा धुरकट निळा, आणि त्याच्यापुढे ती एवढीशी.

"काय वं, पुन्हा बसली?"

"आबा, मी बेडूक होऊन राह्यली."

"बेडकाले कोणी जेवाले देत नाही. ऊठ!"

मी दंडाला धरून तिला उभी करायचो. लाडानं आळशी झाली, असंच मला वाटे. तिचे ओठ जांभळट दिसत. सून म्हणायची, "मामाजी, डॉक्टरले दाखवू." मी म्हणायचो, जांभळं खाल्ली असतील.

एका दुपारी रडता रडता ती माझ्या हातात लुळी पडली. खांद्यावरच्या दुपट्ट्याचं टोक ओलं करून मी तिचे ओठ पुसले. पुन्हा पुसले. रंग जाईना.

शेगावच्या वाटेवर, जीपमध्ये, सुनेनं पोरीला मांडीवर घेऊन गुडघे छातीशी दुमडून धरले होते. मी ते पाय ओढून सरळ केले.

"मोकळी झोपू दे. हवा लागू दे तिले."

"मामाजी, तिले असंच बरं वाटते."

बाहेरची झाडं पाण्याखालून दिसावीत तशी मागे सरकत होती. मी पुन्हा हात घातला, तेव्हा सुनेनं तो बाजूला सारला. तोवर तिनं माझ्यासमोर मानही वर केली नव्हती.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पोरीच्या नाकाशी ऑक्सिजन धरला. "आईच्याच कुशीत राहू द्या. गुडघे असेच छातीशी. हृदयात जन्मापासून दोष असावा. अशी मुलं दम लागला की आपणहून उकिडवी बसतात, त्यानं फुप्फुसांकडे जाणारं रक्त वाढतं."

हळूहळू ओठांवर गुलाबी रंग परतला. सुनेनं माझ्याकडे पाहिलंही नाही.

पुढे मोठ्या शहरात ऑपरेशन झालं. गावात मात्र बोलणं असं झालं, की आजोबानं वेळेवर नेली म्हणून पोर वाचली. मी ते कधी खोडलं नाही. आता ती सायकलनं शाळेत जाते आणि मैत्रिणींना तेच सांगते. सून ऐकते, भाकरी थापत राहते.

पोरी, तुला तुझ्या आईनं वाचवलं. माझा हात बाजूला सारून वाचवलं.

अजून डोळा लागला की ती पायवाट दिसते, आणि तिच्यावर बसलेली तू. आता मी तुला उठवत नाही. शेजारी तसाच उकिडवा बसतो, तुझा दम परत येईपर्यंत.