वाळ्याची कुपी

मुलांनो, डांगे चौकातल्या अत्तरवाल्याचं नाव मी कधी विचारलं नाही. त्याच्या कानात नेहमी अत्तराचा फाया असतो. तुमचे आजोबा गेल्यावर त्यांची वाळ्याच्या अत्तराची रिकामी कुपी मी त्याच्याकडे नेली. मी म्हणाले, "घासून धुते, मग नवं भरून द्या."

त्याने कुपी चटकन मुठीत लपवली. "आजी, साबण लावून आजोबांना घालवताय काय?"

मग डोळे मिटून त्याने वास घेतला आणि तिळाच्या साध्या तेलाचे दोन थेंब आत सोडले.

"अत्तर गाळायच्या भट्ट्या नव्हत्या तेव्हा, हजारो वर्षांपूर्वी, लोक फुलं तेलातच मुरवायचे. तेल वास धरून ठेवतं. आठ दिवस उघडू नका."

आज बूच काढलं. आजोबा पहिल्या शिफ्टला निघताना यायचा, तोच वास आला. लगेच बंद केलं. आता तुम्ही आल्यावरच उघडेन.